स्पोर्ट्स कारला दोन कंपन्यांचे टायर चालतात का?

सरळ उत्तर आधी सांगते. एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन चाकांना किंवा मागच्या दोन चाकांना, दोन वेगळे टायर लावू नका. गाडी बीएमडब्ल्यूची झेड-फोर असो, ऑडी टीटी असो की पोर्शे. पुढे एका कंपनीची जोडी आणि मागे दुसऱ्या कंपनीची, हे अडचणीच्या वेळी चालवून घेता येतं. पण त्याला अटी आहेत, आणि साइज जुळणं ही त्यातली सगळ्यात सोपी अट. गाडीची चारही चाकं इंजिनाला जोडलेली असतील, तर एवढीही सूट धरू नका.

सोलापुरात होटगी रोडला आमचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे. वडिलांचं काम ट्रकच्या टायरचं, रिमोल्डिंगचं. मी मोटारींकडे वळले. सोलापुरात स्पोर्ट्स कार कुठे असणार, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण कारखानदारांकडे, डॉक्टरांकडे, बिल्डरांकडे त्या आहेत, आणि बऱ्याचशा पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून सेकंडहँड आणलेल्या. नव्या गाडीचे चारही टायर कंपनीनेच जुळवून दिलेले असतात. सेकंडहँड गाडीला आधीच्या मालकाने काय काय लावलंय, ते खाली वाकून चारही साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची अक्षरं, वाचल्याशिवाय कळत नाही. गाडी घ्यायच्या आधी इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात, टायर वाचणारा क्वचित दिसतो.

टायर एकेक करून का बदलावे लागतात, तेही समजून घ्या. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर यायचा. त्याची साइडवॉल १३२ मिलिमीटर उंच. जुन्या झेड-फोरच्या मागच्या चाकाला २५५/३५ आर १८ लागतो. त्याची साइडवॉल जेमतेम ८९. खड्ड्याचा दणका या एवढ्याशा रबराला पेलत नाही. आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर कुठल्याही दुकानात दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. उरलेले तीन मात्र चांगले असतात, आणि मग मालक म्हणतो, ‘ताई, साइज सेमच हाय की, एक टाका. काय फरक पडतंय?’

त्याचंही चुकत नाही. ही साइज सोलापुरात कुणी साठवून ठेवत नाही. पुण्याला किंवा हैदराबादला फोन करायचा, मग माल येणार. त्यातच जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, आणायला परवाना लागायला लागला. स्पोर्ट्स कारच्या साइज बहुतेक बाहेरूनच येतात, त्यामुळे हवं ते मॉडेल हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही. मिळेल ते लावायचा मोह इथूनच सुरू होतो.

साइजने फक्त टायर रिमवर बसतो की नाही एवढंच ठरतं. रबर किती मऊ, साइडवॉल किती कडक, नक्षी पाणी कशी फेकते, रबर कितव्या तापमानाला नीट पकडतं, यातलं काहीही साइजच्या आकड्यात नसतं. इतकंच काय, एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर उंचीत आणि रुंदीत काही मिलिमीटरचा फरक सहज दिसतो. चौकोनी खांद्याचा टायर रुंद भासतो, गोल खांद्याचा अरुंद.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक झेड-फोर आली. तक्रार अशी की गाडी डावीकडे ओढते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की तोंड वळवते. बाहेर दोनदा अलाइनमेंट करून झालेलं. मशीनवर चढवली तर पडद्यावर सगळे आकडे बरोबर, टो, कॅम्बर, कास्टर हे चाकांचे तिन्ही कोन हिरवे. मग चाकं वाचली. पुढे डावीकडे मूळचा रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा टायर, उजवीकडे त्याच साइजचा साधा, घरगुती सेडानला लावतात तसला आरामाचा टायर. अंगठ्याचं नख दोन्हींच्या रबरात दाबून पाहिलं. एकात रुततं, दुसऱ्यावर घसरतं. नक्षीची खोली मोजायचा गेज लावला तर एकाची नक्षी चार मिलिमीटर, दुसऱ्याची सातच्या वर. पुढची दोन्ही चाकं आपसात अदलाबदल केली आणि गाडी हळू चालवून पाहिली. आता ती उजवीकडे ओढायला लागली. ओढ टायरबरोबर बाजू बदलते, तेव्हा दोष टायरचाच असतो. अलाइनमेंटचा असता तर ती होती त्याच बाजूला राहिली असती. ही तपासणी तुम्ही कुठल्याही दुकानात उभं राहून करून घेऊ शकता. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर एवढ्या तपासणीपुरतं उलटं चालवलं तरी चालतं, पण हळू, आणि लगेच परत जागेवर.

ब्रेकला गाडी तोंड का वळवते? एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, प्रत्येक चाकाकडे वेगळं बघतं. ज्या चाकाची पकड कमी, त्याचा ब्रेक ते सोडतं. डावं चाक घट्ट धरतंय आणि उजवं सुटतंय, म्हणजे गाडी डाव्या चाकाभोवती फिरायला बघणार. आपल्याकडे रस्ता सात-आठ महिने कोरडा असतो, धूळ आणि तेल साचत राहतं. जूनच्या पहिल्या सरीत ते सगळं वर येऊन निसरडं होतं, आणि चार महिने न जाणवलेला फरक त्या दिवशी जाणवतो. त्यात हैदराबाद रोडला पुढे उसाची ट्रॉली असेल, तर सुधारायला जागाही मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीचं नाव हा शेवटचा मुद्दा आहे. जोडी म्हणजे कंपनी, मॉडेल, साइज, लोड, स्पीड, वय आणि झीज, हे सगळं सारखं. मिशलिनचा पायलट स्पोर्ट एका बाजूला आणि मिशलिनचाच प्रायमसी दुसऱ्या बाजूला, तर कंपनी एकच असूनही ती जोडी नाही. पहिला पकडीसाठी बनवलेला, दुसरा आरामासाठी. उलट पुढे पायलट स्पोर्ट ४ एसची जोडी आणि मागे काँटिनेंटलच्या स्पोर्टकाँटॅक्ट ७ ची, तर कंपन्या दोन असूनही घराणं एकच, वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचं. पहिल्यापेक्षा हे दुसरं मी कधीही पत्करेन.

साइडवॉल कशी वाचायची

समजा लिहिलंय २५५/३५ आर १९ ९६ वाय. २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ३५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ३५ टक्के, १९ इंचाची रिम. ९६ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ७१० किलो. ९१ असेल तर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एच ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. आपण कुठे ३०० ने जाणार, असं म्हणून एचवर उतरू नका. वेगाचं अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं, आणि मे महिन्यात दुपारी विजापूर रोडच्या डांबरावर हात टेकवून बघा, म्हणजे उष्णतेचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर जी लोड आणि वेगाची अट दिली असेल, तिच्या खाली जायचं नाही.

पुढे डॉट ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३२३ म्हणजे २०२३ सालचा २३ वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला असतील तर गाडी उचलून बघावं लागतं. सोलापूरच्या गाडीसाठी हे चार आकडे मला कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचे वाटतात. इथे स्पोर्ट्स कार वर्षाला फार किलोमीटर फिरत नाही. नक्षी शाबूत राहते, पण ऊन रबर खातं. सहा वर्षांचा टायर वरून नवा दिसतो आणि आत लाकूड झालेला असतो. त्याच कंपनीचं तेच मॉडेल त्याच्या शेजारी नवं लावलं, तरी ती जोडी होत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या. दहा वर्षांपुढे कितीही चांगला दिसला तरी ठेवू नका.

आणखी एक खूण बघायची. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन० , एन१ असं असतं, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीजच्या टायरवर एमओ, ऑडीच्या टायरवर एओ. त्याच नावाच्या टायरचं त्या गाडीसाठी रबर किंवा आतली बांधणी बदललेली असते. एका बाजूला चांदणी आणि दुसऱ्या बाजूला बिनचांदणीचा तोच टायर, हीसुद्धा मिसळच. पोर्शे तर एन० आणि एन१ एकत्र वापरू नका असंच सांगते. दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणाला तरी खूण स्वतः वाचा.

ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकेल त्याचा आकडा, २००, ३००, ५०० असा, उपयोगी आहे पण जपून. तो त्या कंपनीने स्वतः ठरवलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये तुलना करायला ठीक. दोन कंपन्यांत तो फक्त अंदाज. एकीकडे ३०० आणि दुसरीकडे ५००, तर घराणी वेगळी आहेत एवढं कळतं.

पुढे-मागे वेगळे लावायचे असतील तर

बऱ्याच स्पोर्ट्स कारना पुढे-मागे साइजच वेगळी. जुन्या झेड-फोरला १८ इंचात पुढे २२५/४०, मागे २५५/३५. पोर्शे केमनला १९ इंचात पुढे २३५/४०, मागे २६५/४०. त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत. ताकद मागे जाते म्हणून मागची जोडी लवकर गोटा होते, पुढची निम्मी शिल्लक असते. तोवर ते मॉडेल बंद होऊन नवं आलेलं असतं. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येकावर येतो, आणि त्यासाठी चारही टायर फेकायला मी सांगत नाही.

नियम एकच घट्ट धरा: जास्त पकडीची जोडी मागे. पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जायला लागते, आपण नकळत पाय काढतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागचं सुटलं तर गाडी गरकन फिरते आणि नेहमी सेडान चालवणाऱ्या हाताला ती सावरत नाही. तुळजापूरच्या घाटात ओल्या वळणावर पुढे नवा मऊ टायर आणि मागे जुना कडक, ही सगळ्यात वाईट मांडणी. पुढचं टोक आज्ञेत वळतं, त्यामुळे चालवणाऱ्याला भरवसा येतो, आणि मागचं टोक त्या भरवशाला पुरत नाही. म्हणून पुढची जोडी झिजली, मागची निम्मी आहे, आणि पुढे नवे भारी टायर लावायचे मनात असेल, तर थांबा. मागच्या जोडीचं वय आणि रबराचा कडकपणा आधी बघा. ती पाच वर्षांपुढची असेल तर चारही एकदम करा.

रनफ्लॅटचं वेगळं सांगते, कारण इथे माणसं फसतात. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालेल अशी त्याची साइडवॉल कडक बांधलेली असते. साइडवॉलवर आरएफटी, एसएसआर, झेडपी, आरओएफ अशी खूण असते, कंपनीप्रमाणे. रनफ्लॅट आणि साधा एका अ‍ॅक्सलवर कधीच नाही. पुढे एक आणि मागे दुसरा हेही करू नका. सोलापूरच्या रस्त्यांवर कडक साइडवॉल पाठीला त्रास देते म्हणून बरेच जण साध्यावर येतात. यायचं तर चारही एकदम बदला, आणि पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप गाडीत ठेवा, कारण या गाड्यांत स्टेपनी नसते.

चारही चाकं जोडलेली असतील तर

ऑडी टीटी क्वाट्रोचा हिशेब करून दाखवते. टायर २४५/४० आर १८. नव्या टायरचा व्यास सुमारे ६५३ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ४८७ फेरे. तोच टायर पाच मिलिमीटर झिजला की व्यास दहाने कमी होतो आणि फेरे होतात ४९५. आठ फेऱ्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण सोलापूर ते पुणे २५० किलोमीटरांत तो १९०० फेऱ्यांच्या आसपास जातो. पुढच्या-मागच्या चाकांत हा फरक असला की दोन्हींना जोडणाऱ्या मधल्या क्लचला सतत घसरत राहावं लागतं. तो तापतो, तेल जळतं, आणि त्याच्या दुरुस्तीचं बिल चार टायरांपेक्षा मोठं येऊ शकतं. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हलाही, म्हणजे त्यांच्या चारही चाकं जोडलेल्या गाड्यांनाही, हेच लागू. अशा गाडीला चारही टायर एकच मॉडेल, आणि झिजेतला फरक दोन मिलिमीटरच्या आत. इथे सूट नाही.

एकच टायर फुटला तर

चारही टायरची नक्षी गेजने मोजा. प्रत्येकी आत, मध्ये आणि बाहेर, तीन जागी. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण वेगवान गाडीला पावसाआधी तीनच्या खाली ठेवू नका. फुटलेल्याच्या जोडीदाराची नक्षी नव्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटरच कमी असेल आणि वय दोन वर्षांच्या आत असेल, तर हुबेहूब तोच टायर एक नग शोधा. मॉडेल, खूण, लोड, वेग सगळं तेच. तेवढं जुळत नसेल तर त्या अ‍ॅक्सलची जोडी घ्या. चांगला उरलेला टायर विकू नका. डॉट आकडा लिहून, उन्हापासून लांब, सावलीत ठेवा. पुढे त्याच मॉडेलचा टायर फुटला की तो कामाला येतो. पंक्चर फक्त मधल्या नक्षीत असेल तरच दुरुस्त करा. खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर नाही.

पुण्याहून किंवा हैदराबादहून मागवताना पैसे पाठवायच्या आधी साइडवॉलचे फोटो मागवा: साइज, लोड-वेग, गाडीची खूण, डॉट आकडे आणि आयएसआय शिक्का. दोन्ही टायरचे वेगवेगळे फोटो. एका टायरचा फोटो आणि ‘दुसरा पण सेम’ हे स्वीकारू नका. एक यंदाचा आणि एक तीन वर्षांपूर्वीचा अशी जोडी येते. जुन्या ओळखीचा दुकानदार असला तरी मागा, चांगला माणूस रागवत नाही.

टायर आले की बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग गाडीत हवेच्या सेन्सरचं रीसेट. हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी भरायची. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय वाढते. मे महिन्यात सकाळी २८ आणि दुपारी ४३ अंश, म्हणजे गाडी न हलवताच तीनेक पीएसआयचा फरक. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढून ‘बरोबर’ केलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी निघेल, आणि कमी हवा साइडवॉलला मारते. एक्सएल (जास्त वजनासाठी बांधलेला) लिहिलेला टायर साध्याच्या जागी आला असेल तर हवा किती ठेवायची ते विचारून घ्या. तेवढंच वजन उचलायला त्याला जास्त हवा लागू शकते.

नव्या रबरावर साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळा. त्यानंतर एका रविवारी पहाटे मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० ला स्टिअरिंग हलकं धरून बघा, गाडी सरळ जाते का. मग हळूहळू ब्रेक वाढवत बघा, एका बाजूला जाते का. रस्त्याला पाणी वाहून जायला मधून कडेकडे थोडा उतार असतो, आणि आपण डावीकडून चालतो म्हणून जाताना-येताना तो गाडीला डावीकडेच नेतो. हलकी डावी ओढ रस्त्याची असू शकते, पण उजवीकडे किंवा जोरात डावीकडे ओढत असेल तर टायर किंवा अलाइनमेंट. आणि वर सांगितलेली अदलाबदल तिथे उपयोगाला येते, पुढे-मागे साइज वेगळी असली तरी पुढची दोन आपसात बदलता येतात.

शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. जुन्या झेड-फोरला आणि टीटीला १२० न्यूटन-मीटर लागतो. नुसत्या गनने मारलेले बोल्ट काही सैल, काही फार घट्ट राहतात, आणि ब्रेकची डिस्क त्याने वाकडी होऊ शकते.